ओसरीवरचे लावे

शिरूर-दौंड भागात कुणी पक्षी पाळायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘शेड केवढी टाकताय?’ त्यात नवल नाही. पुणे जिल्ह्यात कोंबडी म्हणजे धंदा. कराराची ब्रॉयलर पिल्लं, खाद्याच्या गोण्या, बॅच निघाली की हिशेब. लावा या हिशेबात बसवू नका, एवढंच मला आधी सांगायचं आहे. घरी चार-पाच लावे ठेवायचे ते त्यांच्याकडे बघण्यासाठी, त्यांचा आवाज ऐकण्यासाठी, मुलांना एक जिवंत जबाबदारी देण्यासाठी. अंडी मिळतात, ती वरकड.

हे मी हौसेपायी म्हणत नाही, या पक्ष्याचा इतिहासच तसा आहे. आधी बाकीची पाळीव जनावरं बघा. आमचं इनामगाव देशभर माहीत झालं ते डेक्कन कॉलेजच्या उत्खननामुळे. १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं सांकलिया, अन्सारी, ढवळीकर आणि त्यांचे सहकारी घोडनदीच्या काठी खणत होते. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथला शेतकरी जव पिकवत होता, गाईगुरं आणि शेळ्यामेंढ्या राखत होता, हे त्यातून कळलं. ती जनावरं माणसानं जवळ केली ती पोटासाठी आणि कामासाठी. लाव्याचं तसं नाही. जपानी लावा माणसाळला तो जपानात, काही शतकांपूर्वी, आणि तोही नराच्या आवाजासाठी. तिथले सरदार आपापले लावे घेऊन जमत आणि कुणाचा पक्षी सुरेख ओरडतो याच्या स्पर्धा लावत. अंड्यांसाठी आणि मांसासाठी त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली ती विसाव्या शतकात. म्हणजे ओसरीवर लावा ठेवून त्याचं ओरडणं ऐकणारा माणूस या पक्ष्याचा सगळ्यात जुना शौक पुढे चालवतो.

भारतात हा पक्षी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून आला, उत्तर प्रदेशात बरेलीजवळच्या इज्जतनगरला. तिथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं पुढे त्याचे सुधारित वाण तयार केले. आज बाजारात ‘बटेर’ म्हणून मिळतो तो हाच.

आता कायद्याचं, कारण इथं चूक करून चालत नाही. आपल्या माळरानावर, बांधावर, उसाच्या कडेला जे लावे दिसतात ते वेगळे. पाय पडायच्या बेतात असताना एकदम भुर्रकन चहूकडे उडणारा थवा रानलाव्यांचा. पावसाळ्यात गवतातून दोन-दोन ठोक्यांनी येणारी तीक्ष्ण शीळ पाऊसलाव्याची. हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली येतात. तित्तरसुद्धा. त्यांना पकडणं, विकत घेणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. कुणी आठवडे बाजारात फाशात धरलेली जोडी गुपचूप दाखवली तर दया म्हणूनही घेऊ नका, कारण तुम्ही एक घेतली की दुसरी धरली जाते. जपानी लाव्याच्या पालनाचेही नवे परवाने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०११ मध्ये थांबवले होते. ती अडचण पुढे दूर झाली. तरी पिल्लं किंवा मोठे पक्षी घ्यायचे ते उबवणी केंद्रातून किंवा पालन करणाऱ्या शेतकऱ्याकडून, आणि पावती घेऊन. पावती जपून ठेवा. आपला पक्षी रानातला नाही, हे तीच सांगते.

घेताना एक नर आणि तीन-चार माद्या असं घ्या. दोन नर एकत्र आले की टोचाटोची ठरलेली, डोळ्यापर्यंत जखमा जातात. सहा आठवड्यांपुढचा पक्षी असेल तर ओळख सोपी आहे. नराची छाती सपाट तांबूस, मादीच्या छातीवर काळे ठिपके. मात्र पांढऱ्या आणि फार गडद रंगांच्या वाणांत ही खूण चालत नाही. तिथं शेपटीखाली पाहावं लागतं. नराला तिथं एक फुगीर ग्रंथी असते आणि दाबली की पांढरा फेस येतो. अंगानं मादी नरापेक्षा थोडी भारी असते.

घरात अंडं चालत नाही असं पुष्कळ माळकरी कुटुंबांत आहे. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातून, यवत-वरवंडवरून जाते, त्या वाटेवर तर घरटी माळ आहे. त्यांनी लावा पाळू नये असं मुळीच नाही. एकटा नर ठेवला तर तो गातो भरपूर, पण एकटेपणा त्याला मानवत नाही. त्यापेक्षा नुसत्या तीन-चार माद्या ठेवा. त्यांची अंडी फलित नसतात, त्यात जीव धरत नाही. जादा उजेडासाठी वरचा दिवा लावला नाही की दिवस लहान झाल्यावर अंडी आपोआप कमी होतात, थांबतातही. जी येतील ती शेजारी कुणाला तरी हवीच असतात.

घर कसं करायचं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. लोक पोपटाचा पिंजरा आणतात. उंच, गोल, मधे दांडी. लावा दांडीवर बसत नाही. तो जमिनीचा पक्षी आहे, जमिनीवर चालतो, जमिनीवर झोपतो, घाबरला की मात्र सरळ वर उसळतो. ही उसळी इतकी जोरात असते की लोखंडी छतावर डोकं आपटून पक्षी मरतो. म्हणून खुराड्याची उंची फूटभराच्या वर नको, म्हणजे उसळीला जोरच मिळत नाही. शिवाय छताला आतून मऊ जाळी किंवा जुन्या लुगड्याचं कापड ताणून लावा. दुसरा मार्ग म्हणजे माणूस उभा राहील एवढी उंच जाळीची खोली. मधली उंची सगळ्यात वाईट.

पाच पक्ष्यांना चार फूट लांब, दोन फूट रुंद खुराडं पुरतं. व्यापारी पालनात याहून कितीतरी कमी जागा देतात, पण तिथं पक्षी थोडे आठवडे जगायचा असतो. तुमच्याकडे तो दोन-तीन वर्षं राहणार आहे. तीन बाजू फळीच्या किंवा पत्र्याच्या बंद असू द्या. पाठीला आडोसा असला की लावा निवांत असतो. समोर अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी. एक इंचाची नको, तिच्यातून उंदीर आत येतो, आणि पिल्लं असतील तर ती बाहेर जातात. तळाला जाळी अजिबात नको. तिच्यावर पाय सोलतात, त्यांना फोड येतात. लाकडी तळ करा आणि वर दोन-तीन इंच अंथरूण घाला. साळीचा तूस, भुईमुगाची टरफलं, बारीक केलेलं उसाचं पाचट, यांतलं काहीही चालतं. पाचट तर आपल्याकडे बांधाबांधाला पडलेलं असतं, पण ते खडखडीत वाळलेलं हवं. ओलं अंथरूण म्हणजे अमोनियाचा वास आणि पाठोपाठ आजार. आठवड्यातून एकदा ते बदललं तर घरात वास येत नाही. काढलेलं अंथरूण कुजवून फुलझाडांना घाला, मोगरा तरारतो.

आत लपायला जागा पाहिजे. फुटक्या मडक्याचा अर्धा भाग पालथा घालून ठेवा, कोपऱ्यात तुराट्यांची एक जुडी टेकवा, मूठभर वाळलेलं गवत उभं करा. उघड्या, मोकळ्या खुराड्यात लावा दिवसभर अंग चोरून बसतो. आडोसा मिळाला की तोच पक्षी बाहेर येऊन हिंडायला लागतो. लपायला जागा जितकी जास्त, तितका तो तुम्हाला जास्त दिसतो.

आणि मातीचं परळ विसरू नका. चाळलेली पोयट्याची माती, बारीक वाळू आणि चुलीतली पूर्ण गार झालेली थोडी राख एकत्र करून त्यात घाला. मग संध्याकाळी समोर बसा. आधी एक मादी येते, चोचीनं माती उकरते, कुशीवर पडते आणि पंखांनी माती अंगावर उडवायला लागते. लगेच दुसरी तिच्याच अंगावर चढून आत घुसते. पाचही जण एका परळात मावत नाहीत, पण सगळ्यांना तिथंच यायचं असतं. डोळे अर्धवट मिटून एक पाय मागे ताणलेला लावा पाहिला नसेल तर सुख कसं दिसतं हे बघायचं राहिलं आहे. या मातीनं पिसांतल्या उवाही जातात.

नराचा आवाज लहान अंगाच्या मानानं मोठा असतो, तीन तुकड्यांचा, शेवट ताणलेला. तो पहाटे आणि संध्याकाळी ओरडतो, चांदण्या रात्रीही कधीकधी. वस्तीवर राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं असतील तर शेजाऱ्यांशी आधी बोललेलं बरं. माद्या जवळ असल्या की तो पुष्कळ कमी ओरडतो. माद्यांचा आवाज हळू, रातकिड्यासारखा असतो, आणि खाणं घेऊन तुम्ही जवळ आलात की तो बदलतो. थोड्याच दिवसांत तुम्हाला तो फरक कळायला लागेल.

अंड्यांमध्ये तर बघण्यासारखं फार आहे. एक अंडं दहा-बारा ग्रॅमचं, म्हणजे कोंबडीच्या एका अंड्याबरोबर साधारण पाच. कोंबडी सकाळी घालते, लावी बहुधा दुपारनंतर ते अंधार पडेपर्यंत. ठरलेलं घरटं नसतं, चालता चालता कुठंही घालून मोकळी होते. पण प्रत्येक मादीची नक्षी तिची तिची असते. एकीचे ठिपके मोठे आणि काळपट, दुसरीचे मोहरीएवढे, तिसरीचं जवळजवळ कोरं. आठवडाभर नीट पाहिलं तर कुठलं अंडं कुणाचं हे मुलं अचूक सांगतात. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की लावी आपल्या अंड्याची नक्षी लपेल अशाच रंगाच्या जमिनीवर अंडं घालायला जाते. त्यांनी तिला वेगवेगळ्या रंगांच्या वाळूचे पर्याय दिले होते. हे घरीही करून पाहता येतं. एका कोपऱ्यात काळी माती पसरा, दुसऱ्यात पिवळसर वाळू, आणि मुलांना वहीत टिपून ठेवायला सांगा.

अंडी भरपूर हवी असतील तर दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. तेवढा दिला तर चांगली मादी वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी घालते. मला विचाराल तर वरचा दिवा लावू नका. थंडीत तिला विश्रांती मिळू द्या, ती जास्त दिवस धडधाकट राहते. लाव्याच्या अंड्यानं दमा जातो, रक्तातल्या पेशी वाढतात, असल्या जाहिरातींवर विश्वास ठेवून आजाऱ्याचं औषध थांबवू नका. चांगलं, पौष्टिक अंडं आहे. चार मिनिटं उकळलं की झालं.

खाण्याचा मुद्दा थोडक्यात, पण तो चुकवू नका. लाव्याला कोंबडीपेक्षा जास्त प्रथिनं लागतात. पिल्लांना चोवीस टक्क्यांच्या पुढे, मोठ्यांना वीस-बावीस. नुसते ज्वारी-बाजरीचे दाणे घालून लावा जगवता येत नाही, तो खंगतो. दुकानात लाव्याचं वेगळं खाद्य मिळालं नाही तर ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर घ्या आणि पिल्लांसाठी त्यात उकडलेलं अंडं कुस्करून किंवा सुकटीची पूड मिसळा. एक मोठा पक्षी दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम खातो. अंडी घालणाऱ्या माद्यांसाठी शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत. हिरव्यात मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, लसूणघास, सगळं बारीक चिरून. वाळवी तर अतिशय आवडते, जुन्या लाकडाखाली सापडली की ढेकळासकट ठेवा. मात्र उसावर किंवा कांद्यावर फवारणी झाली असेल त्या रानातला किडा किंवा पाला आणू नका. आणि खाद्याला बुरशीचा वास येत असेल तर गोणी कितीही महाग असो, टाकून द्या.

आपल्याकडची खरी परीक्षा उन्हाळ्याची. शिरूर-दौंड पर्जन्यछायेचा भाग, एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो, आणि बहुतेक घरांवर पत्रा. लाव्याला पस्तीसच्या पुढे त्रास सुरू होतो. चोच उघडी ठेवून तो धापा टाकायला लागला की समजा, लगेच काहीतरी केलं पाहिजे. खुराडं पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. पत्र्यावर पाचटाचा जाड थर द्या. जाळीवर ओलं गोणपाट एकाच बाजूनं सोडा, दोन्ही बाजू झाकल्या तर वारा कोंडतो. बाटलीत पाणी गोठवून, कापडात गुंडाळून आत ठेवा, पक्षी तिला टेकून बसतात. पाणी मातीच्या उथळ भांड्यात, दिवसातून तीनदा बदलून. घोडनदीच्या काठची थंडीही बोचरी असते, पण मोठ्या लाव्याला थंडी सोसते. फक्त थेट वारं लागू देऊ नका.

अंधार पडायच्या आत खुराडं आत घ्या किंवा ओसरीला जाळीचं दार करा. मांजर, मुंगूस, घूस आणि धामण हे नेहमीचे शत्रू. मांजराला आत शिरता आलं नाही तरी ते रात्रभर जाळीसमोर बसलं एवढ्यानंही पक्षी उसळून उसळून जीव देतात. शिवाय आता आपल्या ऊसपट्ट्यात बिबट्या आहे. उसाला लागून घर असेल तर दिवस मावळल्यावर खुराड्याकडे जायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था करा, आणि मुलांना त्या वेळी मुळीच पाठवू नका.

माणसाची सवय लावायची तर वरून हात घालू नका. आकाशातून येणारं ते शिकरा, हे त्याच्या रक्तात आहे. हात खालून, तळहात उघडा, त्यावर अळी किंवा अंड्याचा चुरा. रोज त्याच वेळी, न बोलता. आधी मान लांब करून चोच मारून पळतील, मग एक पाय हातावर ठेवतील. काही पक्षी शेवटपर्यंत जवळ येत नाहीत. त्यांना तसंच राहू द्या.

पिल्लं काढायची हौस पुढे येतेच. पाळीव लावी बहुधा खुडूक होत नाही, तो गुण तिच्यातून गेला आहे. गावठी कोंबडीखाली अंडी ठेवता येतात, पण ती पातळ कवचाची, तिच्या वजनानं फुटतात, आणि कोंबडीचे आजार लाव्याला लागतात. म्हणून कोंबड्या आणि लावे एका खुराड्यात नकोच. छोटं उबवणी यंत्र बरं. साडेसदतीस अंश तापमान, आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास, दिवसातून चार-पाच वेळा अंडी फिरवायची, पंधराव्या दिवशी फिरवणं थांबवायचं. सतराव्या-अठराव्या दिवशी कवच फुटतं. १९९० मध्ये मीर या अंतराळस्थानकावरही लाव्याची पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती, हे मुलांना जरूर सांगा.

पिल्लू सात-आठ ग्रॅमचं. पहिला आठवडा पस्तीस अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. साठ वॉटचा बल्ब पुरतो, पण वस्तीवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. गरम पाण्याची बाटली आणि गोणपाट हाताशी ठेवा. तापमापकापेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली ढीग झाला तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोची उघडल्या तर उकडतं आहे, सगळीकडे सारखी पसरली तर ठीक. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरून कायमचे फाकतात. खरबरीत कापड घाला. पाण्याच्या झाकणात गोट्या टाका, नाहीतर पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं.

पिल्लं जास्त झाली म्हणून ती उसात किंवा माळावर सोडू नका. बहुतेक दोन दिवसांत मरतात. जगली तर हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या स्थलांतरित लाव्यांशी त्यांचा संकर व्हायचा धोका असतो. युरोपात हे झालेलं आहे.

आणि गावात कुणी येऊन ‘आमच्याकडून पक्षी घ्या, अंडी आम्हीच परत विकत घेऊ’ असं सांगू लागला तर दार लावून घ्या. इमूपालनाच्या वेळी हेच झालं. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे असेच बुडाले.

फुगून बसलेला, पाणचट विष्ठा करणारा पक्षी लगेच वेगळा करा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. दुकानदारानं दिलेलं प्रतिजैविक अंदाजानं पाण्यात टाकू नका. एकाच वेळी एकाहून जास्त पक्षी अचानक मेले तर उघड्यावर फेकू नका, हातही लावू नका, डॉक्टरांना कळवा. नमुने तपासणारी प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हापासून ही काळजी घरातल्या पाच पक्ष्यांनाही लागू आहे.

सुरुवात करायची तर नवरात्र सरल्यावर करा. उकाडा ओसरायला लागलेला असतो आणि उन्हाळ्याआधी पक्ष्यांना रुळायला चार महिने मिळतात. दीड-दोन वर्षांनी माद्या अंडी कमी करतील. त्यांना त्याच खुराड्यात म्हातारं होऊ द्या. त्या मातीत लोळतात, ओळखीच्या आवाजाला उत्तर देतात, खाणं मात्र थोडं मऊ करून द्यावं लागतं. नवे पक्षी आणाल तेव्हा दोन आठवडे ते वेगळ्या जागी ठेवून तब्येत पाहा. मग काही दिवस मधे जाळी घालून शेजारी ठेवा, आणि संध्याकाळी, आडोशाची जागा बदलून, सगळ्यांना एकत्र सोडा.